जागल्याचा दावा

जागल्याचा दावा म्हणजे खोटी देयके सादर करून, निकृष्ट माल पुरवून किंवा न केलेल्या कामाचे पैसे घेऊन सरकारची फसवणूक करणाऱ्या कंत्राटदाराविरुद्ध, त्या फसवणुकीची माहिती असलेल्या खासगी व्यक्तीने शासनाच्या वतीने लावलेला दिवाणी दावा होय. दावा यशस्वी झाल्यास वसूल झालेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा दावा लावणाऱ्यास मिळतो. ही पद्धत आज मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रचलित आहे.

भारतात असा दावा लावण्याची तरतूद कोणत्याही सर्वसाधारण कायद्यात नाही. येथे हेच काम जनहित याचिका, लोकायुक्तांकडील तक्रार, खासगी फौजदारी फिर्याद आणि माहितीचा अधिकार या चार वाटांनी, तुकड्यातुकड्यांत होते. महाराष्ट्रातील पाटबंधारे प्रकल्प, चारा छावण्या, रोजगार हमीची कामे आणि जलसंधारण यांबाबतची प्रकरणे या प्रकारात मोडतात. त्यांपैकी अनेकांचा संबंध मराठवाड्यातील बीड या अवर्षणप्रवण जिल्ह्याशी येतो.

संज्ञा

जागल्या हा गावगाड्यातील रात्रीचा राखणदार. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात हा शब्द गावाचा पहारेकरी या अर्थाने आढळतो. गावगाडा मोडला तसा शब्दही मागे पडला होता. संस्थेच्या आतील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणणाऱ्या व्यक्तीसाठी मराठी वृत्तपत्रांनी तो अलीकडे पुन्हा चलनात आणला. ‘शिट्टी फुंकणारा’ या शब्दशः भाषांतरापेक्षा तो अधिक नेमका आहे, कारण जागल्या गावाचाच चाकर असे आणि आधुनिक जागल्याही बहुधा आतलाच माणूस असतो. तो लेखापाल, अभियंता, भांडारपाल किंवा प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ असू शकतो.

पाश्चात्त्य कायद्यात या दाव्याला ‘क्वी टाम’ म्हणतात. जो राजासाठी आणि त्याचबरोबर स्वतःसाठीही दावा चालवतो, अशा अर्थाच्या दीर्घ लॅटिन वचनाचे हे आद्य शब्द आहेत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरकारी तपासयंत्रणा तुटपुंजी असल्याने दंडाचा वाटा देऊन प्रजेलाच खबर देण्यास प्रवृत्त केले जाई. पुढे धंदेवाईक खबऱ्यांचा सुळसुळाट झाला आणि खुद्द इंग्लंडने १९५१ मध्ये कायदा करून ही पद्धत रद्द केली.

मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. गुत्ता म्हणजे ठरावीक रकमेवर घेतलेला मक्ता. हा शब्द निजामी राजवटीपासून या भागात रुळलेला आहे आणि बीड, परभणी, नांदेडकडील बातम्यांत तो सर्रास वापरला जातो.

अमेरिकेतील कायदा

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडील सैन्याला पुरवठा करणाऱ्या व्यापाऱ्यांनी उघड लूट चालवली होती. बंदुकीच्या दारूऐवजी लाकडाचा भुसा, आजारी खेचरे आणि पहिल्याच पावसात विरणाऱ्या कापडाचे गणवेश सैन्याला पुरवले जात असल्याच्या तक्रारी होत्या. त्यावर उपाय म्हणून २ मार्च १८६३ रोजी ‘खोटे दावे अधिनियम’ संमत झाला. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यामुळे त्याला लिंकन कायदा असेही म्हणतात. फसवणूक करणाऱ्याकडून नुकसानीच्या दुप्पट रक्कम आणि प्रत्येक खोट्या मागणीमागे दोन हजार डॉलर दंड वसूल करावा व त्यातील निम्मा वाटा दावा लावणाऱ्यास द्यावा, अशी मूळ तरतूद होती. विधेयक मांडणारे सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी त्यामागील हिशेब लपवला नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात, तेव्हा त्यालाच लालूच दाखवून साथीदार पकडून द्यायला लावावे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, काँग्रेसने ही तरतूद बरीच बोथट केली. सरकारला आधीच ठाऊक असलेल्या माहितीवर दावा लावण्यास बंदी आल्याने पुढील चार दशके कायदा जवळजवळ निद्रिस्त राहिला. संरक्षण खात्याच्या खरेदीतील अवाच्या सवा किमती गाजू लागल्यावर १९८६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि आजचे स्वरूप आले.

या स्वरूपानुसार दावा न्यायालयात मोहोरबंद दाखल होतो. प्रतिवादी कंत्राटदारालाही त्याची खबर नसते. सरकारला चौकशीसाठी किमान साठ दिवस मिळतात आणि व्यवहारात ही मुदत अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे वाढत जाते. त्यानंतर सरकार दावा स्वतः चालवण्यास घेते किंवा नकार देते. सरकारने दावा हाती घेतल्यास जागल्यास वसुलीच्या १५ ते २५ टक्के, आणि त्याने एकट्याने तो तडीस नेल्यास २५ ते ३० टक्के वाटा मिळतो. नुकसानीची तिप्पट भरपाई वसूल करता येते. नोकरीतून काढले गेल्यास पूर्वपदावर घेण्याची आणि थकीत वेतनाच्या दुप्पट रक्कम देण्याची तरतूदही त्यात आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेत असे ९७९ दावे दाखल झाले. तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा ही संख्या अधिक होती. त्या वर्षी या कायद्याखाली सरकारला मिळालेली एकूण रक्कम २.९ अब्ज डॉलरहून जास्त होती.

भारतीय वाचकास यातील सर्वांत परिचित प्रकरण रॅनबॅक्सी या औषध कंपनीचे. कंपनीत अधिकारी असलेले दिनेश ठाकूर यांनी औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी बनावट असल्याचे अमेरिकी यंत्रणांना कळवले. सरकारी आरोग्य योजनांनी ही औषधे विकत घेतली असल्याने प्रकरण खोट्या दाव्यांच्या कायद्यात बसले. मे २०१३ मध्ये कंपनीने फौजदारी गुन्हा कबूल करून एकूण ५० कोटी डॉलर भरले आणि ठाकूर यांना सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर मिळाले. बनावट आकडेवारी भारतातील कारखान्यांशी निगडित होती, उघड करणारा भारतीय होता, परंतु दावा उभा राहू शकला तो अमेरिकेत.

या पद्धतीला अमेरिकेतही विरोध आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी फ्लोरिडातील एका संघीय जिल्हा न्यायालयाने, राष्ट्राध्यक्षाने न नेमलेल्या खासगी व्यक्तीला शासनाच्या वतीने दावा चालवू देणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. इतर न्यायालयांनी पूर्वी याच्या उलट निर्णय दिलेले आहेत.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात सरकारी पैशाच्या अपहाराबद्दल दिवाणी वसुलीचा अधिकार सरकारकडेच राहतो. नागरिक न्यायालयात जातो तो सरकारने आपले कर्तव्य करावे अशी मागणी घेऊन. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाखल होणारी जनहित याचिका हे त्याचे प्रमुख साधन होय. बीड जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. हे खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी बीडच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागे.

जनहित याचिका आणि जागल्याचा दावा यांत एक साम्य आहे. एकदा दाखल झालेले प्रकरण दाखल करणाऱ्याच्या मर्जीने सहज मागे घेता येत नाही. अमेरिकेत त्यासाठी सरकार व न्यायालयाची संमती लागते, तर भारतात शीला बारसे प्रकरणात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने याचिकाकर्त्याला असा हक्क नसल्याचे सांगितले. कंत्राटदाराने याचिकाकर्त्याला गाठून ‘मिटवून घेणे’ त्यामुळे निदान कागदोपत्री तरी अवघड होते. भेद मात्र मोठा आहे. जनहित याचिका करणाऱ्याचा प्रकरणात वैयक्तिक लाभ नसावा, ही येथे पूर्वअटच आहे. बलवंतसिंग चौफाल प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने याचिकाकर्त्याची पार्श्वभूमी तपासण्याचे निर्देश उच्च न्यायालयांना दिले. अमेरिकी कायदा ज्या हितसंबंधावर उभा आहे, त्याच हितसंबंधाचा वास आला तर भारतीय न्यायालय याचिका फेटाळते.

बक्षिसाची कल्पना भारतीय शासनाला अपरिचित आहे असे नाही. प्राप्तिकर विभागाच्या २०१८ च्या योजनेत करचुकवेगिरीची माहिती देणाऱ्यास ५० लाख रुपयांपर्यंत, तर परदेशातील अघोषित मालमत्तेची माहिती देणाऱ्यास ५ कोटी रुपयांपर्यंत बक्षीस ठेवलेले आहे. बेनामी मालमत्तेसाठी ही मर्यादा १ कोटी आहे. सरकारला येणे असलेला कर बुडवणाऱ्याची खबर देणाऱ्याला मोबदला आणि सरकारने दिलेला पैसा लुटणाऱ्याची खबर देणाऱ्याला काहीच नाही, ही विसंगती त्यातून उरते.

फौजदारी बाजूस नागरिकाचे स्थान अधिक भक्कम आहे, आणि त्याचे श्रेय महाराष्ट्रातील एका खटल्याला जाते. मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या कारकिर्दीत त्यांच्या न्यासाला मिळणाऱ्या देणग्या आणि बांधकाम व्यावसायिकांना मिळणारे सिमेंट यांचा संबंध १९८१ मध्ये पत्रकार अरुण शौरी यांनी उघड केला. पा. बा. सामंत, मृणाल गोरे आदींच्या याचिकेवर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये प्रतिकूल निर्णय दिल्यावर अंतुले पायउतार झाले. त्यांच्याविरुद्ध रामदास नायक यांनी खासगी फिर्याद दाखल केली. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात खासगी व्यक्तीची फिर्याद विशेष न्यायाधीश दाखल करून घेऊ शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी १९८४ मध्ये दिला. मात्र लोकसेवकावरील खटल्यास सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर अनेक बाबतींत चौकशी सुरू करण्यासाठीही परवानगी आवश्यक झाली आहे.

लोकायुक्त ही संस्था प्रत्यक्षात स्थापणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. त्यासाठीचा अधिनियम १९७१ चा आहे. लोकायुक्त शिफारस करतात, शिक्षा सुनावत नाहीत.

महाराष्ट्रातील प्रकरणे

निकृष्ट पुरवठ्याचा सर्वांत दारुण परिणाम राज्याने १९८६ मध्ये पाहिला. मुंबईच्या शासकीय जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. औषधी दर्जाच्या ग्लिसरीनऐवजी डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असलेला औद्योगिक माल पुरवला गेला होता. न्यायमूर्ती लेंटिन यांच्याच चौकशी आयोगाने खरेदीची साखळी, औषध प्रशासन आणि मंत्रिस्तरावरील हस्तक्षेप यांवर कठोर ताशेरे ओढले.

जागल्या या शब्दाशी महाराष्ट्रात सर्वाधिक जोडले गेलेले नाव विजय पांढरे यांचे. नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी अर्थात ‘मेटा’चे मुख्य अभियंता असताना त्यांनी २०१२ मध्ये मुख्यमंत्री व राज्यपाल यांना सविस्तर पत्रे लिहिली. पाटबंधारे प्रकल्पांची अंदाजपत्रके फुगवली जातात, बांधकामाचा दर्जा राखला जात नाही आणि उपसा सिंचन योजनांवरील खर्च वाया जातो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून दशकभरात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चूनही सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढल्याचा निष्कर्ष काढला जात होता. पत्रांना त्यामुळे धार आली.

गैरव्यवहाराचे आरोप ज्या तांत्रिक वाटेभोवती फिरत होते ती ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. काम कमी रकमेच्या अंदाजावर मंजूर होते आणि दर, जमिनीचा प्रकार वा संकल्पचित्रातील बदल अशी कारणे देऊन किंमत वाढवून घेतली जाते. कारणे अनेकदा खरीही असतात, आणि खरे-खोटे वेगळे करण्याचे ज्ञान विभागातील अभियंत्यालाच असते. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटी रुपयांवर गेली.

तत्कालीन उपमुख्यमंत्री व माजी जलसंपदामंत्री अजित पवार यांनी २५ सप्टेंबर २०१२ रोजी राजीनामा दिला. शासनाची श्वेतपत्रिका निघाल्यावर डिसेंबरात ते मंत्रिमंडळात परतले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष तपास पथकाने २०१४ मध्ये अहवाल दिला. नागपूरच्या जनमंच या संस्थेने आणि पुढे अतुल जगताप यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका केल्या. त्यांच्या रेट्याने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी पुढे सरकली आणि अधिकारी व कंत्राटदारांविरुद्ध गुन्हे नोंदले गेले. विभागाने नोव्हेंबर २०१८ च्या प्रतिज्ञापत्रात पवार यांच्यावर जबाबदारी ठेवली, तर डिसेंबर २०१९ च्या प्रतिज्ञापत्रात त्यांचा फौजदारी दोष आढळत नसल्याचे सांगितले. एकाच यंत्रणेची वर्षभराच्या अंतराने आलेली ही दोन परस्परविरुद्ध निवेदने अभ्यासकांनी मुळातून वाचावीत अशी आहेत. पांढरे यांनी सेवानिवृत्तीची मुदत येण्यापूर्वीच नोकरी सोडली.

बीड जिल्ह्यातील प्रकरणे

बीड जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. माजलगाव आणि मांजरा या धरणांचा लाभ मर्यादित क्षेत्राला मिळतो आणि लाखो मजूर दर हिवाळ्यात ऊसतोडीसाठी जिल्हा सोडतात. दुष्काळ हाच येथे शासकीय खर्चाचा मोठा निमित्तकारण आहे. टँकर, छावणी, बांध, पाझर तलाव, खडीचा रस्ता ही कामे तातडीची असतात, गावोगाव विखुरलेली असतात आणि त्यांचे मोजमाप पहिल्या पावसानंतर पुसट होते. बंधाऱ्यातील गाळ किती काढला हे पाणी भरल्यावर कोणास सांगता येणार? उरते ती कनिष्ठ अभियंत्याने भरलेली मोजमाप पुस्तिका. देयक तिच्यावरून निघते आणि वादही तिच्यावरूनच होतो.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळातून रुजली आणि तिचा कायदा १९७९ पासून लागू झाला. तिच्या धर्तीवर केंद्राने २००५ मध्ये केलेल्या अधिनियमात कंत्राटदारांना आणि मजुरांचे काम हिरावणाऱ्या यंत्रांना मनाई करण्यात आली. गुत्तेदार त्यामुळे कागदावरून नाहीसा झाला. प्रत्यक्षात रात्री जेसीबीने काम उरकायचे आणि हजेरीपटावर ऊसतोडीला गेलेल्यांची, क्वचित मृतांचीही नावे लावायची, अशा स्वरूपाच्या तक्रारी अनेक जिल्ह्यांतून येत राहिल्या. बीडमधील या योजनेच्या कामांबाबत औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. चौकशीतील दिरंगाईमुळे खंडपीठाने जानेवारी २०२२ मध्ये थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या बदलीचे आदेश दिले. ज्याची चौकशी व्हायची आणि ज्याने ती करायची ते एकाच उतरंडीत असतात, ही अडचण या आदेशाने ठळकपणे पुढे आणली.

२०१२ ते २०१४ या टंचाईच्या वर्षांत अहमदनगर, सोलापूर, सातारा, सांगली, बीड आदी जिल्ह्यांत चारा छावण्या उघडण्यात आल्या. छावणीचालकाला जनावरामागे दररोज ठरावीक अनुदान मिळे. दावणीला नसलेल्या जनावरांचे चाऱ्याचे पैसे घेतल्याच्या आरोपांवरून सांगोला तालुक्यातील एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि छावणीचालकांवर गुन्हे नोंदवण्याची प्रक्रिया त्यातून सुरू झाली.

डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण आणि बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर यंत्रांनी झाली. परळी तालुक्यातील कामांबद्दलच्या तक्रारी लोकायुक्तांपर्यंत गेल्या आणि कृषी विभागाचे अधिकारी व कंत्राटदार यांच्याविरुद्ध गुन्हे दाखल झाले. राज्यभरात ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही अभियानाचे उद्दिष्ट बऱ्याच अंशी साधले नसल्याचे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नोंदवले. त्यानंतर शासनाने निवृत्त सनदी अधिकारी विजय कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

बीडमधून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेले एक प्रकरण कंत्राटदारांचे नाही, परंतु सरकारच्या फसवणुकीसंबंधीच्या कायद्यात ते वारंवार उद्धृत होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतल्याचे खोटे पुरावे देऊन जिल्ह्यातील अनेकांनी स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन मिळवल्याचा आरोप एका याचिकेत होता. तुरुंगवास कारागृहाच्या नोंदीवरून ताडता येई. भूमिगत राहिल्याचा दावा मात्र इतर स्वातंत्र्यसैनिकांच्या दाखल्यांवर विसंबून असे. भाऊराव दगडू परळकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने नोंदलेल्या या प्रकरणात न्यायमूर्ती अरिजित पसायत यांच्या पीठाने २२ ऑगस्ट २००५ रोजी निर्णय दिला. फसवणुकीने मिळवलेला लाभ कितीही काळ उपभोगला तरी तो वैध ठरत नाही, हे तत्त्व त्यात विस्ताराने मांडले आहे. पुढे निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्याकडे एकेका प्रकरणाची छाननी सोपवण्यात आली. खऱ्या स्वातंत्र्यसैनिकांनाही उतारवयात पुन्हा पुरावे घेऊन उभे राहावे लागले, ही या चौकशीची दुसरी बाजू होय.

जागल्यांचे संरक्षण

राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरप्रकार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे हत्या झाली. नाव गुप्त ठेवण्याची त्यांची विनंती पाळली गेली नव्हती. त्यानंतर केंद्राने एप्रिल २००४ मध्ये ठराव करून जागल्यांच्या तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा. त्याने सामान्य माणसाच्या हाती मोजमाप पुस्तिकेची प्रत आली, तसे मागणाऱ्याचे नाव-पत्ताही कार्यालयाच्या हाती गेले. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांचा खून झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातील विठ्ठल गीते हे माहिती अधिकार कार्यकर्ते हल्ल्यानंतर मरण पावले. गावातील शिक्षणसंस्थेच्या कारभाराची माहिती त्यांनी बाहेर काढली होती.

संसदेने २०१४ मध्ये जागल्या संरक्षण अधिनियम संमत केला व ९ मे रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. निनावी तक्रारीस त्यात स्थान नाही, घटनेला सात वर्षे उलटल्यास तक्रार घेतली जात नाही आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बक्षिसाची तरतूद नाही. अधिनियम लागू करणारी अधिसूचना दशक उलटले तरी निघाली नाही. माहिती उघड करण्यावर अधिक निर्बंध घालणारे २०१५ चे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झाले, परंतु पुढे व्यपगत झाले. परिणामी २००४ चा ठरावच व्यवहारात उरतो. तो केंद्र सरकार आणि केंद्राच्या अखत्यारीतील संस्थांपुरता मर्यादित आहे. बीड जिल्हा परिषदेच्या एखाद्या कामातील खोटे देयक पाहिलेला कनिष्ठ अभियंता किंवा ग्रामरोजगार सेवक त्याच्या कक्षेत येत नाही.